गिरवलेल्या हालचालींचा खजिना: रोटोस्कोपच्या अभ्यासकाच्या नजरेतून ‘इंटरनेट आर्काइव्ह’

रोटोस्कोपचा इतिहास पुस्तकात वाचणे आणि तोच पडद्यावर एकेक फ्रेम थांबवून पाहणे यांत फार अंतर आहे. अमेरिकी कार्टूनपटकार मॅक्स फ्लायशर यांनी माणसाच्या चित्रित केलेल्या हालचालीवरून रेषा गिरवण्याचे रोटोस्कोप हे यंत्र तयार केले आणि त्यामुळे कार्टुनांना सफाईदार चाल मिळाली, एवढे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे आहे, पण त्या यंत्राने काय दिले, त्याच्या बदल्यात काय हिरावून घेतले आणि ते नेमके कुठे फळले, याची उत्तरे मूळ पटांतच शोधावी लागतात. हे पट एका ठिकाणी, पैसे न मोजता आणि आपल्या संगणकावर उतरवून घेता येतील अशा रूपात मिळतात, ते इंटरनेट आर्काइव्हवर. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या या ना-नफा ग्रंथालयाचा पसारा अफाट आहे; मी येथे केवळ त्यातील फ्लायशर बंधूंच्या पटांपुरते आणि तेही रोटोस्कोप समजून घेऊ इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: या विषयासाठी याहून अधिक उपयुक्त सेवा मी पाहिलेली नाही. मात्र तेथे एकाच पटाच्या अनेक प्रती असतात, त्यांचा दर्जा सारखा नसतो, आणि चांगली प्रत ओळखण्याचे काम पाहणाऱ्यावरच येते.

पट पाहण्यापूर्वी त्या यंत्राचे पेटंट वाचावे, अशी माझी शिफारस आहे. ते आर्काइव्हबाहेर, पेटंटांच्या खुल्या सूचीत १२,४२,६७४ या अमेरिकी क्रमांकाखाली मिळते. अर्ज डिसेंबर १९१५ मधला आहे आणि मंजुरी ९ ऑक्टोबर १९१७ ची. क्राकोव्हमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले मॅक्स फ्लायशर त्या काळात ‘पॉप्युलर सायन्स मंथली’ या मासिकात चित्रविभाग सांभाळत होते, त्यामुळे चित्रकाराचा हात आणि यंत्राची जाण या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. यंत्राची कल्पना साधी आहे. आधी माणसाला नाचायला किंवा चालायला लावून त्याचे चित्रीकरण करायचे. मग ती फिल्म प्रोजेक्टरमधून एकेक फ्रेम पुढे सरकवत काचेवर पाडायची, काचेवर कागद ठेवायचा आणि त्या प्रतिमेची बाह्यरेषा गिरवायची. शेवटी ती सारी चित्रे क्रमाने पुन्हा कॅमेऱ्यासमोर ठेवायची. पहिल्या प्रयोगासाठी मॅक्सचे धाकटे भाऊ डेव्ह विदूषकाच्या वेशात घराच्या गच्चीवर उड्या मारत होते आणि यंत्राच्या जुळणीत दुसरे भाऊ जो यांचा हात होता. जेमतेम मिनिटभराच्या त्या पटासाठी जवळजवळ वर्ष खर्ची पडले, असे सांगितले जाते. म्हणजे श्रम वाचवणारे यंत्र म्हणून रोटोस्कोपकडे पाहिले, तर पहिल्याच परीक्षेत त्याचा निकाल फारसा चांगला नव्हता. त्याचे मोल वेगळ्या गोष्टीत होते आणि ती गोष्ट ‘आउट ऑफ द इंकवेल’ या मालिकेत दिसू लागते.

ही मालिका १९१८ मध्ये जे. आर. ब्रे यांच्या स्टुडिओत सुरू झाली आणि १९२१ पासून फ्लायशर बंधू ती स्वतःच्या कंपनीतून काढू लागले. आर्काइव्हवर तिच्यातील बरेच मूकपट आहेत. नवख्याने १९१९ मधील ‘द टँटलायझिंग फ्लाय’ आणि १९२१ मधील ‘मॉडेलिंग’ यांपासून सुरुवात करावी. टोकदार टोपी आणि मोठ्या गुंड्यांचा काळा झगा घातलेला विदूषक मॅक्सच्या दौतीतून बाहेर येतो, कागदावर उभा राहतो, मालकाशी भांडतो. ‘मॉडेलिंग’मध्ये तो बर्फावर स्केटिंग करतो, तो भाग मी विद्यार्थ्यांना हमखास दाखवते. त्या काळातील इतर कार्टूनपात्रे चालतात तेव्हा तीच चार-सहा चित्रे फिरूनफिरून येत असतात, हे थोड्या सरावाने लक्षात येते. हा विदूषक मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, घसरताना कंबरेतून सावरतो, आणि झग्याची चुणी देहाच्या किंचित मागून येते. कोणत्याही चित्रकाराने मनाने एवढे तपशील त्या घाईच्या धंद्यात काढले नसते. डेव्ह फ्लायशर यांच्या देहाची ती नोंद आहे. शंभर वर्षांपूर्वी एक तरुण आपला तोल कसा सावरत होता, हे त्यात शाईच्या रेषेत टिकून राहिले आहे आणि मला ही गोष्ट प्रत्येक वेळी मोठी वाटते.

पुढे १९२३ मध्ये चित्रकार डिक ह्यूमर या स्टुडिओत आले, त्यांनी विदूषकाला नवे, अधिक आटोपशीर रूप दिले, त्याला कोको हे नाव पडले आणि गिरवण्यावरचा भर हळूहळू कमी झाला. १९२८ चा ‘कोकोज अर्थ कंट्रोल’ शेजारी ठेवून पाहिला, तर फरक स्पष्ट दिसतो: कोको आता माणसासारखा कमी हलतो, पण अधिक विनोदी हलतो. एका शोधकर्त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत त्याचा शोध काही वर्षांतच मागे पडावा, ही घटना पुस्तकात एका ओळीत येते. येथे ती सलग पाहता येते, आणि या सेवेची खरी किंमत मला त्यात दिसते.

आता प्रतींविषयी. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण फ्रेमनिहाय अभ्यास करणाऱ्याला तो टाळता येणार नाही. मूकपट साधारणपणे सेकंदाला १६ ते २० फ्रेम या गतीने चित्रित होत. तेच पट बोलपटाच्या २४ फ्रेमच्या गतीने उतरवले, की विदूषकाची चाल उगाच फटाफट होते आणि गिरवलेल्या हालचालीतला जडपणा, जो तिचा प्राण आहे, नाहीसा होतो. दुसरी अडचण याहून फसवी आहे. अनेक प्रती जुन्या अमेरिकी व्हिडिओ टेपवरून आलेल्या आहेत. त्या पद्धतीत सेकंदाला सुमारे ३० फ्रेम असत, म्हणून फिल्मच्या दर ४ फ्रेमच्या ५ फ्रेम केल्या जात आणि त्यांतील २ फ्रेममध्ये शेजारच्या दोन चित्रांचे मिश्रण होत असे. अशी प्रत थांबवून पाहिली, तर पात्राला दोन हात, दोन डोकी दिसतात आणि नवशिक्याला वाटते की, हा रोटोस्कोपचाच काही परिणाम आहे. रेषेची खरी थरथर आणि ही मिश्रणाची भुते वेगळी ओळखता आली पाहिजेत. त्यासाठी पट संकेतस्थळावर न पाहता फाइल उतरवून घ्यावी, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडावी आणि ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जावे. चित्रे स्वच्छ आणि एकेरी दिसली, तर प्रत अभ्यासाला चांगली.

शीर्षकपट्टीही पाहावी. फ्लायशर यांच्या पटांचे वितरण करणाऱ्या पॅरामाउंट कंपनीने १९५५ मध्ये आपले बहुतेक लघुपट दूरचित्रवाणीसाठी यू. एम. अँड एम. या कंपनीला विकले आणि त्या व्यवहारानंतर मूळ शीर्षकांतील नावे व बोधचिन्हे बदलली गेली. त्यामुळे बेटी बूप या फ्लायशर यांच्या कार्टून-नायिकेच्या अनेक पटांच्या आरंभी आज पॅरामाउंटऐवजी हे परके नाव दिसते. पाहणाऱ्याने गोंधळून जाऊ नये. पट तोच असतो. लोकांनी चढवलेल्या नोंदींत वर्षे आणि श्रेयनावे कधी चुकलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे आणि नोंदीतील वर्षावर थेट विसंबू नये.

या संग्रहातील सर्वांत मौल्यवान ऐवज माझ्या मते १९३२ चा ‘मिनी द मूचर’ हा आहे आणि या एका पटासाठीसुद्धा मी या सेवेची शिफारस केली असती. पटाची सुरुवात कार्टूनने होत नाही. हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये गाजत असलेले गायक व बँडप्रमुख कॅब कॅलोवे आपल्या वाद्यवृंदासमोर प्रत्यक्ष उभे दिसतात, अंग घुसळतात, पाय जमिनीवरून उचलल्यासारखे न वाटता मागे सरकतात. कॅलोवे यांचे हे ज्ञात चित्रीकरणांपैकी सर्वांत जुने मानले जाते. मग कथा सुरू होते: आईवडिलांवर रुसून बेटी बूप आपला कुत्रा-मित्र बिंबो याच्यासोबत घर सोडते आणि रात्री दोघे एका गुहेत शिरतात. तेथे वॉलरसच्या रूपातले एक भूत प्रकट होते, कॅलोवे यांच्या आवाजात गाऊ लागते आणि त्यांच्याच देहाने नाचू लागते.

म्हणजे मूळ आणि गिरवलेले असे दोन्ही एकाच रिळात आहेत. रोटोस्कोप शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आरंभीची नृत्याची काही सेकंदे आणि गुहेतील वॉलरसची काही सेकंदे शेजारीशेजारी दोन खिडक्यांत उघडून पाहावीत. वॉलरसला सुळे आहेत, पोट सुटलेले आहे, अंगाची प्रमाणे माणसाची नाहीत. तरीही खांद्याचा झोल, मनगटाची फिरकी आणि मागे सरकणारे पाऊल तंतोतंत त्या माणसाचे आहे. चित्रकाराने काय गाळले ते पाहणे अधिक शिकवून जाते. चेहरा त्याने गिरवलेला नाही, कपड्यांचे तपशील गिरवलेले नाहीत. त्याने फक्त लय घेतली आणि ती एका परक्या देहात भरली. सभोवती दारू पिणारे सांगाडे आणि विजेच्या खुर्चीत बसलेली कैद्यांची भुते साध्या कार्टूनच्या पद्धतीने हलत असतात, त्यामुळे मधल्या वॉलरसची चाल या जगाबाहेरची वाटते. भूत परके वाटायला हवे असते, आणि येथे ते परकेपण नेमक्या अति-खऱ्या हालचालीमुळे येते. रोटोस्कोपचा दोष म्हणून जे सांगितले जाते, की गिरवलेले पात्र इतरांत मिसळत नाही, त्याच दोषाचा येथे कथेसाठी उपयोग झाला आहे.

१९३३ च्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये हीच युक्ती आणखी पुढे जाते. रोलंड क्रँडल यांनी जवळजवळ एकट्याने काढलेला हा सात मिनिटांचा पट १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला आणि ही निवड सर्वथा योग्य आहे. गुहेतून बेटीची बर्फाची शवपेटी नेली जात असताना कोको तिच्यामागून चालत ‘सेंट जेम्स इन्फर्मरी ब्लूज’ गाऊ लागतो, राणी त्याचे लांब पायांच्या पांढऱ्या भुतात रूपांतर करते आणि गाण्याच्या ओळींबरोबर त्या भुताचे कधी साखळीला लटकलेले सोन्याचे नाणे होते, कधी दारूची बाटली. आवाज कॅलोवे यांचाच. गिरवलेली चाल चालू असतानाच आकार वितळतो आणि पुन्हा जमतो, हे त्या यंत्राच्या पेटंटात कुठेच लिहिलेले नव्हते. ते क्रँडल यांच्या हाताचे देणे आहे. त्याच वर्षीचा ‘द ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ हा कॅलोवे यांचा तिसरा पटही आर्काइव्हवर पाहता येतो; तो मला या दोघांहून कमी वाटतो, पण क्रम पुरा करण्यासाठी पाहावा. १९३२ च्याच ‘बेटी बूप्स बँबू आयल’मध्ये बेटीचा हुला नाच एका सामोअन नर्तिकेच्या चित्रीकरणावरून गिरवला आहे आणि तोच नाच स्टुडिओने १९३३ च्या पॉपायच्या पहिल्या पटात पुन्हा वापरला. गिरवलेली चित्रे कष्टाने तयार होत, म्हणून ती जपून ठेवली जात आणि फिरून वापरली जात, हेही यातून समजते. या पटांतील कृष्णवर्णीय आणि बेटवासी माणसांची चित्रणे आज खटकतात, वर्गात दाखवताना त्याविषयी बोलावेच लागते. पण कॅलोवे यांचे नाव आणि प्रत्यक्ष रूप पटाच्या अग्रभागी आहे, त्या नाचाचा धनी कोण हे लपवलेले नाही, याचीही नोंद घ्यायला हवी.

पेटंटाची १७ वर्षांची मुदत १९३४ मध्ये संपली. त्यानंतर डिस्नी स्टुडिओने १९३७ च्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’साठी मार्ज बेल्चर या तरुण नर्तिकेचे चित्रीकरण करून त्याचा आधार घेतला. तो पट आर्काइव्हवर शोधू नये, त्याचे हक्क अजून राखीव आहेत. पण ज्यांच्याकडे अधिकृत प्रत आहे त्यांनी तुलनेसाठी जवळ ठेवावी. स्नो व्हाइटवर काम करणाऱ्यांत ग्रिम नॅटविक होते, ज्यांनी काही वर्षांपूर्वी फ्लायशर यांच्याकडे बेटी बूप घडवली होती. तेथे चित्रीकरणाकडे बव्हंशी संदर्भ म्हणून पाहिले गेले: डोके मोठे, अंग आटोपशीर, पोझ अधिक स्पष्ट. डिस्नीतून आलेले क्लेअर वीक्स यांनी पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात पुढे नामवंत अ‍ॅनिमेशनकार झालेले राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिकवले. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनचा एक धागा असा त्या स्टुडिओपर्यंत पोहोचतो.

फ्लायशर यांचे उत्तर म्हणजे डिसेंबर १९३९ मध्ये आलेला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’. तो सार्वजनिक मालकीचा झालेला असल्यामुळे आर्काइव्हवर त्याच्या पुष्कळ प्रती आहेत आणि रंग उडालेल्या प्रतींचाच त्यांत भरणा आहे. उतरवण्यापूर्वी दोन-तीन प्रतींतील गलिव्हर किनाऱ्यावर बांधलेला असतानाचा रात्रीचा प्रसंग ताडून पाहावा, कारण निकृष्ट प्रतीत तेथे काळोखाशिवाय काही दिसत नाही. १९३७ च्या दीर्घ संपानंतर स्टुडिओ मायामीला हलला होता आणि हा मोठा पट तेथे पुरा झाला. गलिव्हरसाठी रेडिओ-निवेदक सॅम पार्कर यांचे चित्रीकरण करून ते गिरवण्यात आले, आवाजही त्यांचाच. लिलिपुटचा राजा लिटल, शेजारच्या ब्लेफस्कूचा राजा बाँबो, रात्रीचा पहारेकरी गॅबी ही मात्र नेहमीची फुगीर कार्टूनपात्रे. कल्पना तर्कशुद्ध आहे: माणूस माणसासारखा हलावा, लिलिपुटवासी चित्रासारखे. पण पट पाहताना गलिव्हर बोलू लागला की मन त्याच्यावर ठरत नाही. चेहऱ्याची रेषा गिरवलेली असल्यामुळे ती काही ठरवून सांगत नाही. हनुवटी हलते, पापणी लवते, भाव मात्र उमटत नाही. वॉलरसमध्ये चित्रकाराने लय घेऊन बाकी सोडले होते, येथे त्याने सारेच ठेवले, आणि त्यातच पात्र गमावले. बोटे नाचवून तो छोट्या राजाला खेळवतो तेव्हा मात्र पट जिवंत होतो, कारण तेथे पुन्हा फक्त हालचाल बोलते. एवढ्या तफावतीसह तो पट पाहणे शिकणाऱ्याला अत्यंत लाभदायक आहे आणि केवळ मनोरंजनासाठी पाहणाऱ्याला मी तो मन मोकळे ठेवून एकदा पाहा, एवढेच म्हणेन.

‘सुपरमॅन’ मालिकेविषयी थोडक्यात लिहिते, कारण ती मिळवणे सोपे आहे आणि तिच्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये सुरू झालेल्या या १७ पटांपैकी पहिले ९ फ्लायशर यांच्या देखरेखीखाली झाले. पुढचे ८, बंधू स्टुडिओतून बाहेर पडल्यावर, फेमस स्टुडिओजच्या नावाने आले. क्लार्क केंट आणि लोइस लेन यांच्या चालण्याबोलण्यात गिरवलेली हालचाल आहे, पण सुपरमॅन उडतो किंवा कोसळणारी इमारत सावरून धरतो, तेथे चित्रीकरण करायला माणूसच उपलब्ध नव्हता. चित्रकारांना तो भाग मनाने काढावा लागला, त्यासाठी पेन्सिलीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि मालिकेतील सर्वांत थरारक प्रसंग नेमके तेच आहेत.

सेवेच्या इतर सोयींपैकी एक विशेष सांगण्याजोगी आहे. ‘मिडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररी’ या उपक्रमाने जुनी अमेरिकी चित्रपट-व्यवसायाची नियतकालिके स्कॅन करून आर्काइव्हवर ठेवली आहेत आणि त्यांत ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’चे मूकपटकाळातील अंकही आहेत. पूर्ण मजकुरात शोध घेता येतो. ‘आउट ऑफ द इंकवेल’ हे शब्द टाकले, की त्या वेळच्या जाहिराती आणि परीक्षणे समोर येतात. स्कॅन काही पानांवर पुसट आहेत आणि यंत्राने वाचलेली अक्षरे चुकतात, म्हणून ‘फ्लायशर’ हे नाव दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधून पाहावे.

खाते न उघडता बहुतेक सर्व पाहता आणि उतरवता येते, जाहिराती नाहीत, आणि एमपीईजी-४ ची लहान फाइल साध्या मोबाइल जोडणीवरही उतरते. मराठीत वर्णने नाहीत, पण या मूकपटांना त्यांची फारशी गरज पडत नाही. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी, चित्रकला शिकवणाऱ्यांनी आणि जुन्या सिनेमाची आवड असणाऱ्यांनी ही सेवा जरूर वापरावी. क्रम विचाराल तर ‘मॉडेलिंग’, ‘मिनी द मूचर’, ‘स्नो-व्हाइट’ आणि मग ‘गलिव्हर’, असा ठेवावा, आणि ‘गलिव्हर’ लावण्याआधी वॉलरसचा नाच एकदा पुन्हा पाहावा.